दोन देशांचा एक संघ : मेक्सिकोतील ‘तेकोलोतेस’
मेक्सिकोच्या व्यावसायिक बेसबॉलमधील ‘तेकोलोतेस’ म्हणजेच ‘घुबडे’ हा संघ दोन देशांत घरचे सामने खेळतो. १८४८ च्या तहानंतर रिओ ग्रांदे नदी सीमा ठरली आणि लारेडो शहर अमेरिकेत गेले. मेक्सिकोतच राहू इच्छिणाऱ्यांनी पलीकडच्या काठावर नुएवो लारेडो वसवले. तेकोलोतेस हा मूळचा याच शहराचा संघ. १९५३, १९५४, १९५८ आणि १९७७ मध्ये तो मेक्सिकन लीगचा विजेता ठरला. १९८५ पासून घरचे सामने दोन्ही काठांवर होऊ लागले आणि संघ ‘दोन्ही लारेडोंचा’ झाला. १९८९ चे विजेतेपद त्याने याच नावाने मिळवले. २००४ मध्ये संघ तिहुआनाला गेल्याने ही परंपरा खंडित झाली. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. सीमेने विभागलेल्या शहरांचा संघ मात्र एकच राहिला.