हेडलाइटच्या काचेआड साचलेला पावसाळा

चतुर्थीला, नाहीतर कुलदेवाच्या दर्शनाला आपल्याकडची कितीतरी कुटुंबं गोव्याला निघतात. कुणी चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे डिचोलीला, कुणी आंबोली, बांदा, पत्रादेवी करत पेडण्याला. घाटात धुकं, म्हणजे आपल्या घरातल्या कन्नडमधलं 'मंजु', असतंच. त्यात हेडलाइटच्या काचेला आतून दव धरलं की प्रकाश रस्त्यावर न पडता चहूकडे फाकतो. वळणावर बसलेली गुरं दिसेपर्यंत उशीर होतो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

फुटलेल्या हेडलाइटच्या जागी कंपनीचा महाग पडतो, म्हणून बाजारातला बसवतात. त्यात गैर काही नाही. पण स्वस्त मालात काच आणि मागचं प्लॅस्टिक जोडणारा चिकट थर बऱ्याचदा अपुरा असतो.

मात्र जरासा ओलावा म्हणजे गळती नव्हे. हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतोच. बल्बच्या उष्णतेनं आतली हवा फुगून बाहेर पडते. दिवा मालवला, वर पाऊस लागला की ती आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. त्यासाठी मागे बारीक छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात. दिवा लावल्यावर थोड्या वेळात दव विरलं तर काळजी नको. तळाशी पाणी डुलत असेल तर गळती खरी.

हल्ली एक नवं कारण दिसतं. ६०/५५ वॅटचा साधा हॅलोजन काढून मागे पंखा असलेला एलईडी बसवतात. रबरी टोपण त्यावर बसत नाही, मग ते कापतात किंवा फेकून देतात. पाण्याला दार उघडंच! शिवाय एलईडीची उष्णता काचेकडे फारशी जात नाही, त्यामुळे दव लवकर वाळतही नाही.

दुरुस्तीसाठी दिवा उतरवून, छिद्रं तात्पुरती झाकून सांध्याला साबणाचं पाणी लावावं आणि आत हलकी हवा भरावी. बुडबुडे येतील तिथं फट. आधी आतून पूर्ण सुकवावं, मगच सांधा भरावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, त्याची वाफ आतल्या चकचकीत मुलाम्याला खाते. तो मुलामा फडक्यानं पुसायचाही नाही, निघून येतो. सांधा भरताना ती हवेची छिद्रं बुजवणारे महाभागही भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. आणि जुलैत डिचोलीला ऊन कुठून आणायचं? बल्ब काढून दिवा रात्रभर पंख्याखाली ठेवला तरी चालतो.