मायफळाचे छिद्र

काष्ठौषधींच्या दुकानात वेखंड, मुरुडशेंग आणि हळकुंड यांच्या शेजारी मायफळाचा डबा हमखास असतो. बाळगुटीसाठी सहाणेवर त्याचे वेढे देणाऱ्या आजीला ते फळ वाटते. वस्तुतः ते फळ नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराण या प्रदेशांतील एका ओक वृक्षाच्या कोवळ्या अंकुरात इवलीशी गांधीलमाशी अंडे घालते. अळी वाढू लागली की झाडाच्या पेशी तिच्याभोवती फुगत जातात आणि एक गोल, कठीण गाठ तयार होते. तीच मायफळ.

हे गूढ सहज उकलले नाही. सडक्या मांसात अळ्या आपोआप उपजत नाहीत, हे १६६८ मध्ये दाखवून देणाऱ्या फ्रान्चेस्को रेदीलाही गाठीतील जीव झाडाच्याच चैतन्यातून निपजतात असे वाटे. १६७९ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने गाठीचे मूळ कीटकाच्या अंड्यात असल्याचे दाखवले.

गाठीची भिंत तुरट टॅनिनने भरलेली असते. या टॅनिनमध्ये हिराकस मिसळून युरोपात शतकानुशतके काळी शाई केली गेली. एवढ्या बंदोबस्तात अळी सुरक्षित असेल असे वाटते. पण तसे नाही. कॅल्सिड कुळातील सूक्ष्म कीटकांची मादी आपली केसासारखी बारीक नळी भिंतीतून आत खुपसून अंडे घालते. त्यातून निघालेली अळी घरमालकाच्या अळीवर जगते आणि शेवटी तिचा अंत करते. काही कीटक केवळ आसऱ्याला येतात व गाठीचाच गर खातात. त्यांनाही खाणारे असतात. बाहेरून एक दिसणाऱ्या गाठीत असे अनेक जीव नांदतात.

व्यापारामुळे या जीवांची घरेही दूरदेशी गेली. टॅनिनसाठी १८३० च्या सुमारास ओकच्या अशाच एका जातीच्या गाठी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात आणल्या गेल्या. ती गांधीलमाशी तेथे रुजली. आज तेथील गाठींमधूनही टोरिमस प्रजातीचे, धातूसारखे चमकणारे हिरवे कीटक बाहेर पडतात.

आत कोण वाढले, याची खूण गाठीवरच राहते. एकच ठसठशीत छिद्र असेल, तर गाठ घडवणारी माशी सुखरूप उडून गेली, असे समजावे. छिद्रे बारीक किंवा अनेक असतील, तर बहुधा तिच्या जागी दुसरेच जीव बाहेर पडले.

बाजाराचा हिशेब मात्र उलटा आहे. छिद्र नसलेले, निळसर-हिरवट मायफळ उत्तम मानले जाते, कारण ते कीटक बाहेर पडण्यापूर्वी तोडलेले असते आणि त्यात टॅनिन अधिक असते. छिद्र पडलेले पांढरट मायफळ हलक्या प्रतीचे ठरते. म्हणजे ज्या मालाला भाव अधिक, त्यातील जीवाला बाहेरचा प्रकाश बहुधा दिसलेलाच नसतो.

वड, पिंपळ, उंबर आदी पाच उदुंबर फळांचा त्याग श्रावक करतो तो त्यांत त्रस जीव असतात म्हणून. मायफळ त्या पाचांत नाही, आणि औषधाच्या गरजेचा विचार ज्याने त्याने करायचा आहे. परंतु मालाची प्रत पाहण्यासाठी दाणा बोटांत फिरवताना, छिद्र नसण्याचा अर्थ काय हे व्यापाऱ्याला आणि गृहिणीला ठाऊक असावे.