स्टिअरिंगची थरथर आणि शिशाची वजने

जुन्या ट्रकचे स्टिअरिंग थरथरू लागले की ड्रायव्हर, मालक आणि टायरवाला या तिघांचे निदान एकच असते : बॅलन्सिंग गेले. मग पुढची चाके उतरतात, मशीनवर फिरतात, रिमच्या कडेला शिशाची वजने ठोकली जातात आणि बिल होते. चार फेऱ्या बऱ्या जातात आणि एखाद्या खड्ड्यानंतर चाके पुन्हा नाचू लागतात. त्यावर उपाय म्हणून पुन्हा बॅलन्सिंग होते, या वेळी दुसऱ्या दुकानात, कारण पहिल्याचे मशीन खराब असल्याचे आता सर्वांना पटलेले असते. कळंबोलीपासून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपर्यंत हा क्रम नेमाने चालतो, आणि त्यात किंगपिनकडे टॉर्च मारून बघणारा माणूस क्वचितच भेटतो.

येथे जुना ट्रक म्हणजे ज्याची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड पोलादी बीम एक्सलवर बसतात, खाली पाट्यांचे सस्पेन्शन असते आणि टायर १०.००-२० मापाचा असतो, अशी गाडी. भारतात ही रचना टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेन्झशी केलेल्या सहकार्यापासून रुळली, आणि ते सहकार्य १९६९ साली संपल्यावरही टिकली. तिच्यात स्टिअरिंग बॉक्सची ड्रॉप आर्म ड्रॅगलिंकला ढकलते, ड्रॅगलिंक उजव्या चाकाला वळवते आणि उजवे चाक टायरॉडमार्फत डाव्याला. प्रत्येक चाक आपापल्या किंगपिनभोवती वळते. म्हणजे ड्रायव्हरच्या हातापासून डाव्या टायरपर्यंत झिजणारे अर्धा डझन तरी सांधे असतात. शिशाचे वजन यांतल्या एकाही सांध्याची झीज भरून काढत नाही.

असंतुलित चाक नेमके किती जोर लावते, हे मोजता येते. या टायरचा व्यास सुमारे एक मीटर असतो. रिमच्या कडेला ३०० ग्रॅमचा फरक आहे असे धरू. ट्रकच्या चाकाला हा फरक चांगलाच म्हणावा लागेल. ताशी ३० किलोमीटर वेगाला त्यातून येणारा झटका जेमतेम दोन किलोवजनाएवढा असतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून ६० ला तो साडेआठ किलोच्या आसपास जातो आणि ८० ला पंधरा किलोच्या. ज्या एक्सलवर पाच-सहा टन भार आहे त्याला दोन किलोचा झटका जाणवतही नाही. तेव्हा ट्रक ३०-३५ च्या वेगाला पुढून नाचत असेल तर केवळ वजनांच्या फरकाने तसे होणे शक्य नाही. असंतुलनाची थरथर साधारणपणे ५५-६० च्या पुढे सुरू होते, गुळगुळीत रस्त्यावरही येते, ठरावीक वेगपट्ट्यात वाढते आणि वेग थोडा उतरवला की मुकाट्याने जाते.

खड्डा, गतिरोधक किंवा पुलाचा सांधा लागल्यावर एकदम सुरू होणारी जोरदार झटापट, ज्यात स्टिअरिंग हातातून सुटू पाहते आणि वेग बराच उतरवेपर्यंत थांबत नाही, तिला अभियांत्रिकीत शिमी म्हणतात. ही थरथर स्वतःच स्वतःला पोसते. चाक किंगपिनभोवती जरा डावीकडे वळते, रस्त्याला टेकलेले रबर त्याला ओढून परत आणते, ते मधली रेषा ओलांडून उजवीकडे जाते, आणि प्रत्येक फेरीत गाडीच्या गतीतली थोडी ऊर्जा या डोलण्यात भरली जाते. इस्पितळातल्या स्ट्रेचरचे छोटे चाक जोरात ढकलल्यावर फडफडते, तोच हा प्रकार. घट्ट सांधे आणि त्यांतले घर्षण ही ऊर्जा खाऊन टाकतात; सांध्यात मोकळी जागा असली की तेवढ्या जागेत चाकाला अडवणारे काहीच नसते. हे ज्ञान ताजे नाही. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए याने १९२५ सालीच या दोलनाची चिकित्सा टायरच्या वर्तनावरून केली होती, आणि हान्स पासेइका यांचा १९६६ सालचा डेल्फ्टचा प्रबंध पूर्णपणे याच विषयावर आहे. शंभर वर्षे झाली, तरी दुकानातला उपाय शिसेच.

हा समज टिकतो त्याला कारण आहे : बॅलन्सिंगनंतर काही दिवस खरेच बरे वाटते. एक तर ढिल्या सांध्यांच्या गाडीत वजनांचा फरक शिमीला चिथावणी देतो. चिथावणी कमी झाली की रोग दबतो, जात नाही. दुसरे म्हणजे बॅलन्सिंगच्या निमित्ताने बरेच काही घडते. चाक उतरते, रिम आणि हब यांच्या मधला गंज व चिखल खरवडला जातो, नट क्रमाने आवळले जातात, हवा सारखी भरली जाते, बऱ्याचदा पुढचा झिजलेला टायर मागे जातो. यांतल्या कशाने फरक पडला हे कोणी तपासत नाही, आणि श्रेय वजनांना मिळते.

खरा दोष शोधायला अर्धा तास, एक जॅक, एक टॉमी आणि एक मदतनीस पुरतो. आधी चाके जमिनीवरच ठेवून, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून, मदतनीसाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे छोटे-छोटे हलवत राहायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांध्यावर बोट ठेवायचे. ड्रॅगलिंकचा बॉल जॉइंट ढिला असेल तर ड्रॉप आर्म आधी हलते आणि रॉड क्षणभर मागे राहतो. बोटाला तो टकटक लागतो, डोळ्यांना दिसण्याच्या आधी. बॉक्स चासीवर बसवणारे बोल्टही याच वेळी पाहावेत. बॉक्सच सरकत असेल तर आतला दोष शोधण्यात अर्थ नाही.

मग एक्सलखाली जॅक लावून चाक उचलायचे, टायरखाली टॉमी घालून वर-खाली हलवायचे. चाक डुलले की बहुतेक मिस्त्री ‘बेअरिंग’ म्हणतात किंवा ‘किंगपिन’ म्हणतात, ज्याची जशी सवय. अंदाजाची गरज नाही. टाकीत हवा भरलेली ठेवून मदतनीसाने ब्रेक दाबून धरायचा आणि चाक पुन्हा हलवायचे. ब्रेकने ड्रम आणि शू एक झाले, म्हणजे हबचे बेअरिंग खेळातून बाद झाले. हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. तसेच राहिले तर किंगपिन आणि बुशचा. बुशमधला पाव मिलिमीटर ढिलेपणा टायरच्या कडेला एक मिलिमीटरहून मोठा होऊन दिसतो, त्यामुळे नजर पुरते.

किंगपिनचे काम करतानाही अर्धवटपणा नडतो. नवा पिन जुन्या बुशमध्ये घातला किंवा नवे बुश ठोकून रीमर न फिरवता पिन हाणून बसवला, तर पहिल्या बाबतीत ढिलेपणा राहतो आणि दुसऱ्यात स्टिअरिंग जड होऊन बुश लवकर जळतो. एक्सलच्या डोळ्यातच पिन हलत असेल, तर कितीही किट बदलली तरी गाडी तशीच राहणार. बेअरिंगबाबत उलटी चूक होते : ढिले दिसले की शेवटच्या आट्यापर्यंत आवळायचे. टेपर रोलर बेअरिंगला थोडी मोकळीक लागतेच. ट्रकच्या हबसाठी प्रचलित मर्यादा ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर आहे, आणि ती चुंबकी स्टँडवरच्या डायल गेजने मोजायची असते, हाताच्या अंदाजाने नव्हे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. आवळलेले बेअरिंग घाटात तापून ग्रीस वितळवते आणि रस्त्यातच बसते.

दुसरा हट्टी गैरसमज स्टिअरिंग बॉक्सच्या स्क्रूचा. प्ले वाढला की वरचा चेकनट सैल करून स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, हे काम पाच मिनिटांचे आणि म्हणून लोकप्रिय. ते धोक्याचे आहे. बॉक्सचे दाते सरळ रस्त्याच्या स्थितीत सर्वांत जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधली झीज भरून काढण्यासाठी स्क्रू आवळला की मधे ठीक वाटते, पण वळणावर न झिजलेले दाते अडकतात. स्टिअरिंग वळवल्यावर आपोआप परत येत नाही. घाटात एकामागून एक वळणे घेताना याचा अर्थ काय होतो, ते ड्रायव्हरला विचारावे. आवळायचेच असेल तर ड्रॅगलिंक सोडून, बॉक्स नेमका मध्यावर आणून, आणि त्याआधी बाहेरचे सगळे सांधे तपासून झाल्यावर.

प्ले बहुधा बॉक्सच्या बाहेरच असतो, हेही हिशेबाने दिसते. ड्रॉप आर्म २० सेंटिमीटर लांब आणि बॉक्सचे प्रमाण २० ला १ धरले, तर ड्रॅगलिंकच्या सांध्यातला एक मिलिमीटर ढिलेपणा स्टिअरिंगवर सुमारे पावणेसहा अंश होऊन उमटतो. ५० सेंटिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेला हे अडीच सेंटिमीटर भरतात. सांधे दोन, म्हणजे पाच सेंटिमीटर. आणि बॉक्सला अजून हातही लागलेला नाही.

‘पासिंग झालंय, म्हणजे स्टिअरिंग ठीक आहे’ हा युक्तिवाद याच जातीचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम स्टिअरिंगमधला मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा एवढेच सांगतो. वरच्याच चक्रावर ३० अंश म्हणजे कडेला तेरा सेंटिमीटर, अर्ध्या वितीहून थोडे जास्तच. अमेरिकी नियमावलीत २० इंची चक्राला पॉवर स्टिअरिंग असेल तर सव्वापाच इंच, म्हणजे तेवढीच सूट आहे, पण हाती स्टिअरिंगला अडीच इंचच. शिवाय हे मोजमाप चक्रापासून उजव्या चाकाच्या हालचालीपर्यंतचे. टायरॉडचे टोक, डाव्या बाजूचा किंगपिन, हबचे बेअरिंग यांचा ढिलेपणा त्यात येतच नाही. पासिंगची मर्यादा पाळणारी गाडी शिमी करू शकते, यात काही विरोधाभास नाही.

उरलेले समज थोडक्यात. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकच नव्हे : पहिल्यात चाकांचे कोन जुळवतात, दुसऱ्यात वजन, आणि ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट गाडी दुकानाबाहेर पडेपर्यंतच खरे. भरपूर ग्रीस मारल्याने झिजलेला सांधा घट्ट होत नाही, फक्त आवाज लपतो. बॉल जॉइंट हातोड्याने ठोकून आवळणे किंवा वेल्डिंग मारणे ही दुरुस्तीच नव्हे. तो भाग बदलायचा असतो. रात्रभर भार घेऊन उभ्या ट्रकच्या नायलॉन टायरला सकाळी सपाट डाग पडतो आणि काही किलोमीटरनंतर तापून जातो, त्यासाठी कोणाचाही खिसा रिकामा करू नये. नवा टायर आपोआप संतुलित असतो असे नाही, आणि ‘ट्रकला बॅलन्सिंग लागतच नाही’ हेही खरे नाही, विशेषतः महामार्गावर ७०-८० ने जाणाऱ्या गाडीला.

कॅस्टर जास्त ठेवला की गाडी स्थिर होते, या समजाला मात्र एका ओळीत निकालात काढता येत नाही, कारण तो अर्धा खरा आहे. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिल्यावर किंगपिनचा मागे झुकलेला कोन. तो कमी झाला की ट्रक सरळ धरत नाही, भरकटतो. पण गरजेपेक्षा वाढला तर बीम एक्सलच्या गाडीत शिमीचा धोका वाढतो. पाट्याच्या कामानंतर थरथर सुरू झाली असेल तर एक्सल आणि पाट्याच्या मधली पाचर आधी पाहावी : जाड बाजू पूर्वी ज्या दिशेला होती तिकडेच आहे का? पाचर उलटी बसली की कॅस्टर एका क्षणात बिघडतो, आणि वरून काहीच दिसत नाही. सोबत यू-बोल्ट, शॅकलचे बुश आणि तुटलेला सेंटर बोल्टही तपासावा. एक्सल मागे सरकला असेल तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर खाते.

बॅलन्सिंगची पाळी यानंतर येते. आधी चाक उचललेल्या अवस्थेतच हळू फिरवून, स्टँडवर टेकवलेल्या खडूने टायर कुठे बाहेर येतो ते पाहावे. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त डोल असेल तर टायर रिमवर नीट बसलेला नाही, लॉक रिंग तिरकी आहे किंवा रिम हबवर मध्यात बसलेले नाही. वाकडे चाक वजनांनी गोल होत नाही. ते सरळ झाल्यावर वजने लावावीत, आणि चाक मशीनवर बरोबर येऊनही गाडीवर ६० च्या पुढे थरथर राहिली तर ब्रेक ड्रमकडे पाहावे. मशीनवर फक्त टायर आणि रिम चढतात. ड्रम हबवरच राहिलेला असतो, आणि त्याचे असंतुलन मशीनला दिसत नाही.