हाड मोडले म्हणून पडणे : किरणोपचारानंतरचा मांडीच्या हाडाचा भंग आणि त्याची भाषा

‘पडली आणि मांडीचे हाड मोडले’ हे वाक्य मराठीत इतके रुळलेले आहे की त्यातील कार्यकारणभावाविषयी कुणी शंका घेत नाही. आधी पतन, नंतर भंग, असा त्याचा क्रम आहे. परंतु कर्करोग शरीरात अन्यत्र उद्भवून मांडीच्या हाडापर्यंत पसरलेला असतो, तेव्हा हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. रुग्ण उठून उभा राहतो, पाय वळवतो किंवा एखादी पायरी चढतो. तेवढ्या भाराने हाड मोडते आणि हाड मोडले म्हणून तो पडतो. त्याच हाडावर काही आठवड्यांपूर्वी किरणोपचार झालेले असले, तर ‘किरणांनी हाड मोडले’ असे तिसरे वाक्य कुटुंबात तयार होते. या तीन वाक्यांपैकी कोणते कितपत खरे, हा प्रश्न वैद्यकाचा आहे, तितकाच अर्थनिर्णयाचाही आहे.

बंगळुरूसारख्या बहुभाषिक नगरात हा प्रश्न अधिक ठळक होतो. शहाजीराजांच्या काळापासून मराठीचा वावर असलेल्या या शहरात १९७३ मध्ये किडवई स्मारक कर्करोग संस्था स्थापन झाली. १९८० मध्ये तिला प्रादेशिक कर्करोग केंद्राचा दर्जा मिळाला. कर्नाटकाच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून तेथे रुग्ण येतात. कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू आणि सीमाभागातील मराठी या भाषा अशा ठिकाणी एकाच बाकावर शेजारी बसलेल्या असतात. किरणोपचाराला दक्षिणेकडील बोलींत ‘करंट’ हा शब्द ऐकू येतो, तर मराठी-हिंदी बोलींत ‘लाईट घेणे’ किंवा ‘शेक घेणे’ असे म्हटले जाते. यांतला ‘शेक’ हा शब्द विशेष विचारात घेण्याजोगा आहे. शेकाने आखडलेला अवयव मोकळा होतो आणि माणूस पुन्हा चालूफिरू लागतो, हा घरोघरचा अनुभव आहे. तीच अपेक्षा शब्दाबरोबर किरणोपचारावर येऊन बसते. वस्तुतः या उपचारात ऊब नसते आणि त्याने हाड तत्काळ बळकटही होत नाही.

कर्करोग हाडात का जातो, याविषयीचे एक प्रसिद्ध रूपक स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने १८८९ मध्ये मांडले. रोगपेशी हे बीज आणि अवयव ही जमीन. बीज सर्वत्र उडते, परंतु अनुकूल जमिनीतच रुजते. स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, पुरःस्थ ग्रंथी आणि अवटु ग्रंथी यांच्या कर्करोगास हाडाची जमीन विशेष मानवते. तेथे रुजलेल्या पेशी हाड स्वतः कुरतडत नाहीत. हाडाची झीज आणि भर नित्य चालू ठेवणाऱ्या ज्या पेशी शरीरात मुळातच असतात, त्यांतील झीज करणाऱ्यांना त्या चेतवतात. घराच्या गवंड्याकडूनच भिंत पाडून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात बहुधा उलट घडते, म्हणजे हाडात नवी भर पडते. पण ती भर अव्यवस्थित असल्याने तेही हाड निकोप हाडाइतके भरवशाचे नसते.

मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब व भक्कम हाड होय. त्याच्या खुब्याकडील टोकाची घडण मात्र एखाद्या कमानीसारखी बाहेर झुकलेली आहे. साध्या चालण्यात खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. या भाराने हाडाची आतली बाजू दाबली जाते व बाहेरची ताणली जाते. पोकळ बांबूची ताकद जशी त्याच्या सालीत असते, तशी या हाडाची ताकद बाहेरच्या कठीण कवचात असते. ते कवच एका बाजूने पोखरले गेले की संपूर्ण हाडाची सहनशक्ती अनपेक्षितपणे घटते.

अशा हाडावर किरणांचा मारा केला असता रोगपेशी नष्ट होतात आणि बहुसंख्य रुग्णांच्या वेदना कमी होतात. ८ ग्रे एवढी मात्रा एकाच बैठकीत देऊनही वेदनाशमन साधते, असे मोठ्या तौलनिक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. परंतु वेदनाशमन आणि बळकटी यांची गती भिन्न आहे. वेदना काही आठवड्यांत ओसरते, तर पोखरलेल्या जागी पुन्हा चुना भरण्यास काही महिने लागतात. प्रारंभी तर रोगग्रस्त भागाच्या कडेला रक्तसंचय वाढून हाड तात्पुरते अधिकच मऊ होऊ शकते. शिवाय किरण रोगपेशींबरोबर हाड घडवणाऱ्या पेशी व सूक्ष्म रक्तवाहिन्या यांनाही इजा करतात. म्हणून किरण मिळालेले हाड मोडल्यास सावकाश जुळते, आणि कधी जुळतही नाही.

आता तिसऱ्या वाक्याची परीक्षा करता येईल. ‘किरणांनी हाड मोडले’ या विधानात सत्याचा अंश आहे, परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. मुख्य कारण रोगाने आधीच केलेली पोकळी हे होय. किरणांनी क्वचित आणखी दुर्बलता आणली, तरी बहुधा त्यांचा परिणाम अप्रत्यक्ष असतो, तो असा : वेदना ही पहारेकरी होती. तिच्यामुळे रुग्ण पायावर भार देत नव्हता. वेदना गेली, पहारा उठला, आणि हाड सज्ज होण्यापूर्वीच पाऊल पूर्ण वजनाने पडू लागले. ‘दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले’ हा लोकव्यवहारातील अर्थ येथे घातक ठरतो.

यास्तव किरण देण्यापूर्वीच हाड मोडण्याचा संभव किती, हे जोखणे आवश्यक असते. हिल्टन मिरेल्स यांनी १९८९ मध्ये यासाठी एक गुणपद्धती प्रसिद्ध केली. त्यांनी किरणोपचार झालेल्या, परंतु शस्त्रक्रियेचा आधार न दिलेल्या ७८ अस्थिविकृती तपासल्या. त्यांपैकी २७ ठिकाणी सहा महिन्यांत हाड मोडले आणि ५१ ठिकाणी ते टिकले. विकृतीची जागा, वेदनेचे स्वरूप, हाड पोखरले आहे की त्यात भर पडली आहे, आणि हाडाच्या रुंदीच्या किती भागावर आक्रमण झाले आहे, या चार बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात. एकूण ७ किंवा कमी गुण असल्यास किरणोपचार व निरीक्षण पुरेसे मानतात. ९ किंवा अधिक असल्यास आधी हाडाच्या पोकळीत धातूची सळई बसवून, जखम भरल्यावर किरण देणे श्रेयस्कर समजतात. ८ हा आकडा वैद्याच्या विवेकावर सोपवलेला आहे. ही पद्धती अचूक भविष्यवाणी नव्हे. तिच्या आधारे काही अनावश्यक शस्त्रक्रियाही होतात, म्हणून पुढे बाह्य कवचाची किती लांबी पोखरली गेली हे मोजणे, छेदचित्रांवरून हाडाची ताकद गणिताने काढणे, असे मार्ग पुढे आले. तथापि वेदनेच्या निकषातील एक बारकावा आजही मोलाचा आहे : पायावर भार देताच उठणारी कळ ही, विश्रांतीतील दुखण्यापेक्षा, हाड खचत असल्याची अधिक स्पष्ट सूचना होय.

प्राचीन ग्रंथांकडे वळल्यास एक उद्बोधक भेद आढळतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अस्थिभंगाची कारणे म्हणून पडणे, दाबले जाणे, प्रहार, हिंस्र पशूंचा चावा इत्यादी गोष्टी सांगितल्या आहेत. कर्कटक, अश्वकर्ण, चूर्णित, वक्र, स्फुटित अशी भंगाच्या बारा प्रकारांची नावे रूपसादृश्यावरून बेतलेली आहेत. मांडी मोडलेल्यास फळीवर निजवून खुंट्यांनी पाय स्थिर करण्याचा ‘कपाटशयन’ हा विधीही चिकित्सास्थानात येतो. परंतु कारणांची ही सूची मुख्यतः बाह्य आघातांची आहे. मराठीला लाभलेला ‘अस्थिभंग’ हा शब्द म्हणून आघाताचे स्मरण बरोबर घेऊन येतो. आतून पोखरलेल्या हाडाच्या भंगास ‘विकृतिजन्य अस्थिभंग’ म्हणता येईल. पण हा शब्द ग्रंथात शोभला तरी रुग्णशय्येपाशी त्याचा उपयोग नाही. तेथे ‘हाड आतून पोकळ झाले आहे, दुखणे थांबले तरी सांगेपर्यंत त्यावर भार देऊ नका’ हे साधे वाक्यच कामी येते.

अशा वेळी आयुष्याची मर्यादा पुष्कळदा आखली गेलेली असते, हेही विसरता येत नाही. बंगळुरूत १९९४ मध्ये उभारलेल्या न्यासातून ‘करुणाश्रय’ हे शुश्रूषागृह १९९९ मध्ये सुरू झाले आणि तेथे असाध्य अवस्थेतील कर्करुग्णांची विनामूल्य सेवा केली जाते. जोडलेले हाड रोग बरा करत नाही. परंतु उरलेले महिने अंथरुणाला खिळून काढायचे की आधाराने का होईना स्वतःच्या पायांवर न्हाणीघरापर्यंत जायचे, हा भेद त्या माणसाच्या दृष्टीने लहान नसतो. आणि मोडल्यानंतर घरच्यांच्या मनात राहणारी टोचणी – ‘आम्ही चालवले म्हणून पडली’ अथवा ‘उपचार घेतला म्हणून मोडले’ – हीदेखील चुकीच्या वाक्यरचनेचीच संतती असते. क्रम नीट सांगितला गेला, तर दोष कुणाच्या हाताचा नव्हता हे उमगते. आणि तो वेळेवर सांगितला गेला, तर कित्येकदा ते हाड मोडतही नाही.