ऑनलाइन खरेदीतील बनावट व अपरिचित ब्रँड : पडताळणीचा निकष

ऑनलाइन खरेदीत वस्तू हाताळून पारखता येत नाही. त्यामुळे ब्रँडच्या नावास अवाजवी महत्त्व प्राप्त होते. वस्तुतः अपरिचित ब्रँड बनावट असतोच असे नाही आणि परिचित नावाचीही नक्कल होते. प्रेशर कुकरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फेब्रुवारी २०२१ पासून त्यावर आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे. तरीही मानकबाह्य कुकरच्या विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काही ई-कॉमर्स कंपन्यांना दंड केला. सदोष कुकर जिवावर बेतू शकतो. चिन्ह छापणे सोपे असते. म्हणून त्याखालील 'सीएम/एल' परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासावा. तेथील व वेष्टनावरील उत्पादक भिन्न आढळल्यास कुकर न वापरता परत करावा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.