बग्गी कोणती घेऊ? आधी जमीन दाखवा

रेडिओ कंट्रोलवर पळणारी शर्यतीची बग्गी घ्यायची ठरली की पहिली चर्चा रंगते ती कंपनीवर. असोसिएटेड घ्यावी की एक्सरे? टीएलआर, शूमाकर की योकोमो? एक दशांश मापाच्या चांगल्या बग्ग्यांमध्ये आज इतका थोडा फरक उरला आहे की नवशिक्याच्या हातात तो कळणारही नाही. दीड किलोच्या आसपास वजनाच्या या गाडीचं भवितव्य चार टायर जमिनीला किती धरून ठेवतात यावर ठरतं. म्हणून आधी जमीन पाहायची, मग टायर आणि सगळ्यात शेवटी गाडी. खरेदी करताना हा क्रम नेमका उलटा होतो आणि पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

गैरसमज: दाते जितके मोठे, तितकी पकड जास्त

ट्रॅक्टरचे टायर पाहून झालेली ही समजूत आहे आणि ती निम्मी खरी आहे. मातीवर वरचा थर भुसभुशीत असेल, तर लांब काट्यांचे टायर तो धुरळा भेदून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतात आणि तिथे रुततात. पण माती चिकण असेल, पाणी मारून, दाबून कठीण केलेली असेल, तर काटे रुतणार कशात? ते नुसते वाकतात. वळणावर गाडी त्या वाकलेल्या काट्यांवर डुलते आणि काटे मुळाशी फाटायला लागतात. अशा जमिनीवर काम करतं ते रबर आणि मातीचा थेट, सपाट स्पर्श. म्हणून अमेरिकेतल्या बंदिस्त क्ले ट्रॅकवर चक्क गुळगुळीत टायर लावून शर्यती होतात. मातीच्या शर्यतीत बिनदात्यांचा टायर हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही, पण घड्याळ पटवून देतं.

त्या ट्रॅकची मातीही साधी नसते. कोल्हापूरच्या तालमीत हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद घालून कमावतात, तशीच ही मातीही कमावलेली असते. फक्त तिथे माती मऊ व्हावी म्हणून खटपट असते, इथे घट्ट आणि चिकट व्हावी म्हणून. ओलावा टिकावा म्हणून काही ट्रॅकवर मातीत क्षार मिसळतात, काही ठिकाणी साखरेचं पाणी शिंपडतात. त्यावर गाड्या पळत राहिल्या की टायरचं रबर घासून जमिनीवर बसतं आणि एक काळपट, चकचकीत वाट तयार होते. या वाटेवर पकड जबरदस्त असते. तिथून हातभर बाहेर गेलात की पुन्हा धूळ आणि गाडी गिरकी घेते.

कृत्रिम हिरवळ, म्हणजे आपल्याला हॉकीमुळे माहीत असलेला ॲस्ट्रोटर्फ, हा आणखी वेगळा प्रकार. ब्रिटनमधल्या पुष्कळ क्लबांचे ट्रॅक या हिरवळीचे किंवा कार्पेटचे आहेत. तिथे बारीक, आखूड, दाट काट्यांचे टायर चालतात, कारण काटे हिरवळीच्या धाग्यांमध्ये शिरतात. शूमाकरचे ‘यलो’ नावाच्या रबराचे ‘मिनी पिन’ टायर तिकडे इतके रुळले आहेत की नव्या माणसाला दुसरं काही सुचवण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

गैरसमज: रबर जितकं मऊ, तितकं चांगलं

रबर एका ठरावीक तापमानात नीट काम करतं. थंड, ओलसर मातीवर मऊ रबर हवंच. तेच टायर भर उन्हातल्या खरखरीत जमिनीवर पळवले तर तापतात, लिबलिबीत होतात आणि बघता बघता झिजतात. म्हणून कंपन्या एकाच नक्षीचे टायर वेगवेगळ्या रबरात विकतात. जेकन्सेप्ट्सने तर त्यांना हिरवा, निळा, सोनेरी अशी रंगांची नावं दिली आहेत. टायर घेताना नक्षीइतकंच या नावाकडे बघा.

गैरसमज: डर्ट आवृत्ती मातीसाठी, कार्पेट आवृत्ती कार्पेटसाठी

खोक्यावर तसं लिहिलेलं असतं खरं. एक्सरेची एक्सबी-२ डर्ट आणि कार्पेट अशा दोन रूपांत येते. टीएलआरच्या २२ ५.० गाडीची ‘डीसी’ ही माती-क्लेची आणि ‘एसी’ ही ॲस्ट्रो-कार्पेटची आवृत्ती. असोसिएटेडच्या बी-६ बरोबर मातीसाठी बी-६-डी आली. पण ही विभागणी खरी पकडीची आहे, पदार्थाची नाही. डर्ट म्हणजे कमी पकडीची गाडी, कार्पेट म्हणजे जास्त पकडीची. कमावलेल्या क्लेची पकड कार्पेटला टक्कर देते. तिथे ‘माती म्हणजे डर्ट आवृत्ती’ असं समजून घेतलेली गाडी वळणात जडावते आणि आळशी वाटते.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागतं. असोसिएटेडची आरसी-१० ही गाडी १९८४ साली आली. तिची मोटर मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेली होती. तेव्हाचे ट्रॅक उघड्यावरचे, सैल मातीचे होते. ताकद फक्त मागच्या चाकांना मिळत असेल तर त्यांच्यावर भार हवाच, नाहीतर ती जागच्या जागी फिरतात. १९८५ साली कॅलिफोर्नियात एक दशांश मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि टू-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद जे हॅल्सीने आरसी-१० चालवूनच मिळवलं. पुढची कित्येक वर्षं मोटर मागेच राहिली.

मग ट्रॅक बदलले. बंदिस्त जागा, पाणी मारलेली क्ले, कार्पेट. पकड वाढली तशी मागे लोंबणारी मोटर अडचणीची ठरू लागली, कारण वळताना तिचं वजन शेपूट बाहेर फेकतं. मोटर ॲक्सलच्या पुढे आणली की वजन गाडीच्या मध्याकडे सरकतं आणि गाडी चटकन दिशा बदलते. टीएलआरने २०११ च्या सुमारास आणलेली २२ ही गाडी दोन्ही प्रकारे जोडता येत होती. असोसिएटेडने पुढे बी-५ आणि बी-५-एम अशा दोन वेगळ्या गाड्याच काढल्या, पहिलीत मोटर मागे, दुसरीत मध्ये. २०१५ साली जपानमधल्या याताबे अरीनाच्या क्ले ट्रॅकवर जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हील ड्राइव्ह जिंकणाऱ्या स्पेन्सर रिव्हकिनच्या हातात बी-५-एम होती. आज तर ‘डर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांतही मोटर मध्येच असते.

मग दोन आवृत्त्यांत वेगळं काय? गमतीची गोष्ट गिअरबॉक्समध्ये आहे. आत तीन गिअर असतील तर मोटर चाकांच्या उलट दिशेने फिरते, चार असतील तर चाकांच्याच दिशेने. मोटर जोरात फिरायला लागली की तिची प्रतिक्रिया चेसिसवर उलट बाजूने येते. चार गिअरच्या रचनेत ही प्रतिक्रिया गाडीचं नाक उचलते आणि मागच्या चाकांवर भार टाकते. निसरड्या जमिनीवर हेच हवं असतं. पकड भरपूर असेल तर तीन गिअरची गाडी शांत आणि सरळ चालते. शिवाय मोटर उभी बसवली की आडवी, शॉक किती लांब, बॅटरी किती मागे, असे फरक असतात. बहुतेक सुटे भाग मात्र दोन्हीकडे सारखेच. त्यामुळे चुकीची आवृत्ती घेतली तर गाडी टाकून द्यावी लागत नाही. पुष्कळदा गिअरबॉक्सचे भाग आणि टायर बदलून भागतं.

गैरसमज: पकड कधीच जास्त होत नाही

कार्पेटवर पहिल्यांदा गाडी आणलेल्या माणसाचा हा गैरसमज पहिल्याच वळणावर फिटतो. गाडी घसरत नाही, सरळ पालथी होते. वळताना बाहेरच्या बाजूला जोर येतो. टायर सरकला तर तो जोर तिथेच निघून जातो. टायर अजिबात सरकला नाही तर तोच जोर गाडीला बाहेरच्या चाकांवर उचलतो आणि गाडीचा गुरुत्वमध्य जितका उंच, तितकी ती लवकर कलंडते.

म्हणून जास्त पकडीच्या ट्रॅकवर पकड थोडी मारायची असते, विशेषतः पुढची. गाडी खाली बसवतात. मातीवर चेसिस जमिनीपासून साधारण २० ते २४ मिमी उंच ठेवतात, तर कार्पेटवर १६ ते १८. स्प्रिंग कडक करतात, अँटी-रोल बार लावतात. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर पातळ सुपरग्लूचा थर देतात, म्हणजे गाडी झुकली तरी ती कड जमिनीला धरत नाही. हजारोंची गाडी आणि तिला वाचवणारी गोंदाची नळी, हे कार्पेटवरचं रोजचं चित्र आहे.

गैरसमज: फोर-व्हील ड्राइव्ह घेतली की प्रश्न मिटला

सैल मातीवर फोर-व्हील ड्राइव्ह चालवायला सोपी, हे खरं. पण तिच्यात डिफरन्शियल, शाफ्ट किंवा पट्टे, बेअरिंग सगळंच जास्त. धुळीत ते सगळं उघडून साफ करावं लागतं. आणि टायर चुकीचे असतील तर दोनऐवजी चार चाकं जागच्या जागी फिरतात, इतकंच. शर्यतीत दोन्हींचे गट मुळातच वेगळे असतात. सुरुवातीच्या १९८५ च्या स्पर्धेतही ते वेगळेच होते.

मोटरचंही तसंच. ब्रशलेस मोटरवरचा ‘टर्न’चा, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा, आकडा जितका लहान, तितकी ती दांडगी. हे माहीत नसल्यामुळे कोणी १७.५ ला साडेसहापेक्षा भारी समजतो, तर माहीत असलेला हटकून साडेसहाची घेतो. निसरड्या जमिनीवर ती सगळी ताकद धूळ उडवण्यात जाते. १७.५ टर्नची मोटर घेऊन शिकणारा तिथे अनेकदा पुढे निघतो.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात कमावलेल्या क्लेचा ट्रॅक मिळेल या भरवशावर गाडी घेऊ नका. बहुतेकांच्या वाट्याला येतं ते मुरुमाचं मैदान, सोसायटीचं पार्किंग किंवा गावाकडची मोकळी जागा. मुरुमावर खाली कठीण थर आणि वर सुटी खडी असते. पकड कमी आणि सकाळपेक्षा दुपारी आणखी कमी. तिथे चार गिअरची, डर्ट आवृत्तीची टू-व्हील ड्राइव्ह, मध्यम लांबीच्या काट्यांचे टायर आणि सौम्य मोटर हे गणित जमतं. काळी माती कोरडी असेल तर भेगा आणि फुफाटा, ओली असेल तर टायरला लगदा. ओल्या काळ्या मातीवर कुठल्याच कंपनीची गाडी काढू नका, बेअरिंग धुण्यात दिवस जाईल. कोकणातला जांभा टायर खातो, तिथे मऊ रबराचा मोह टाळा. पार्किंगच्या काँक्रिटवर तर काटे पाहता पाहता झिजतात. तेव्हा जुने, झिजलेले टायर फेकू नका, पार्किंगसाठी तेच वापरा.