हेल्मेटमधला इंटरकॉम: रेंज दोन किलोमीटरची, बोलायचं दोन फुटांवर

सोलापूरकर दुचाकीवरून जोडीनं बाहेर पडतो तो बहुधा देवाला. मंगळवारी किंवा शुक्रवारी तुळजापूर, गुरुवारी अक्कलकोट, एकादशीच्या आगेमागे पंढरपूर. पावसाळ्यात फार तर नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर. रस्ते आता रुंद झाले, गाड्या साठ-सत्तरनं पळतात आणि मागून आलेलं वाक्य वाऱ्यात विरून जातं. मग पुढचा "काय म्हणालीस?" म्हणत मान वळवतो. ताशी साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. दोन सेकंद मान मागे म्हणजे तेहतीस मीटर रस्ता न बघता.

एवढ्यासाठी तरी हेल्मेटमधला वायरलेस इंटरकॉम कामाचा आहे. पण बाजारात तो काही हजारांपासून तीस हजारांच्या पुढपर्यंत मिळतो आणि विकला जातो तो बहुतेक वेळा खोक्यावरच्या आकड्यांवर. हे आकडे टोळक्यानं लडाखला निघालेल्यांसाठी लिहिलेले असतात. नवरा-बायको, बाप-लेक, दोघे मित्र अशा एकाच गाडीवरच्या दोघांसाठी त्यातले निम्मे बिनकामाचे.

"लांब रेंजचा घ्या, आवाज खणखणीत येतो"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. एक किलोमीटर, १.६ किलोमीटर, दोन किलोमीटर हे आकडे दोन वेगळ्या गाड्यांमधल्या अंतराचे असतात. तेही सपाट मोकळ्या जागी, मध्ये काही आड नसताना मिळणारे. इंटरकॉम २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, घरातलं वायफायही बरंचसं तिथंच चालतं. या लहरींना समोरासमोर मोकळी वाट लागते. विजापूर रस्त्यावरच्या माळरानात ती मिळते. पण मध्ये दोन कंटेनर आणि उसाची ट्रॉली आली की आवाज तुटायला लागतो. तुळजापूरच्या घाटात वळणाआड गेलेल्या गाडीपुढे तर खोक्यावरच्या आकड्याचं काही चालत नाही.

मुख्य म्हणजे रेंजचा आणि आवाजाच्या स्पष्टपणाचा फारसा संबंध नाही. स्पष्टपणा ठरतो माइकवर, स्पीकरवर, वाऱ्याचा आवाज गाळणाऱ्या सर्किटवर, आणि हे सगळं हेल्मेटमध्ये कसं बसवलंय त्यावर. मागच्या सीटवरचं माणूस दोन फुटांवर असतं. तिथं दोनशे मीटरचा सेटही पुरून उरतो. 'ब्लूटूथ ५.२' वगैरे छापलेलं असतं, त्यानंही इंटरकॉमची रेंज आपोआप वाढत नाही.

"मेश नसेल तर घेऊच नका"

साध्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये चार गाड्या साखळीनं जोडल्या जातात: पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी. मधली एक पेट्रोलला थांबली की साखळी तुटते. मेशमध्ये प्रत्येक संच आसपासच्या सगळ्यांशी जोडलेला असतो; एक गळाला तरी बोलणं दुसऱ्या वाटेनं चालू राहतं. कार्डो या कंपनीनं २०१५ मध्ये पॅकटॉक हा मेश संच आणला, सेना या कंपनीनं २०१८ मध्ये आपलं मेश. कार्डोच्या गटात पंधरा जण बसतात, सेनाच्या ग्रुप मेशमध्ये चोवीस. सोलापूरहून आठ-दहा बुलेट मिळून हंपीला निघाल्या असतील तर मेशला पर्याय नाही, पैसे मोजा. दोघांनी एकाच गाडीवर अक्कलकोटला जायचं असेल, तर चोवीस जणांच्या सोयीचे पैसे भरून बोलायला एकच माणूस उरतं.

"ब्लूटूथ आहे ना, मग कुणाशीही जुळेल"

जुळत नाही. फोन आणि इंटरकॉम कोणत्याही कंपन्यांचे असोत, ते जुळतात, म्हणून हा समज झाला. संचानं संचाशी बोलायची पद्धत मात्र बहुतेक कंपन्यांची आपापली आहे. 'युनिव्हर्सल' नावाची सोय असते, तिच्यात एक संच दुसऱ्याला आपण फोन आहोत असं भासवतो. काम चालतं, पण फोनची एक जागा अडते, जोडणी सुटली की पुन्हा जुळवत बसावं लागतं आणि आवाजही उतरतो. यावर सोपा उपाय म्हणजे जोडीचा पॅक घ्यावा, एकाच कंपनीचा, शक्यतो एकाच मॉडेलचा. "आत्ता माझ्यापुरता घेतो, हिला दिवाळीला बघू" असं म्हणणाऱ्यांना दिवाळीत तेच मॉडेल मिळेल याची खात्री नाही.

"ऐकू येत नाही? आवाज वाढवा"

इथं जरा थांबतो, कारण निम्म्या तक्रारी इथल्याच आणि बहुतेक फुकटात सुटणाऱ्या.

हेल्मेटच्या आत वारा किती ओरडतो याची मोजमापं ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात झाली. ताशी साठला सुमारे ९० डेसिबल, ताशी एकशे साठला ११०. कामाच्या जागेवरच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं सुचवलेली मर्यादा आठ तासांना ८५ डेसिबल आहे आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबल फक्त एक तास. पुणे सोलापूरहून अडीचशे किलोमीटर, साडेचार-पाच तास. त्या वाऱ्यावर मात करायला स्पीकर आणखी चढवला, तर कानाची वाट लागते आणि शब्द तरीही नीट कळत नाहीत.

आधी स्पीकरची जागा बघा. बहुतेक जण हेल्मेट हातात धरून, कान साधारण कुठे येईल त्या अंदाजानं स्पीकर चिकटवतात. तो हमखास पुढे किंवा वर बसतो. हेल्मेट डोक्यात घाला, पट्टा लावा, खालून बोट घालून कानाचं भोक चाचपा आणि तिथं अस्तरावर खडूनं खूण करा. स्पीकरचा मध्य त्या खुणेवर आला पाहिजे. कान आणि स्पीकर यांत मोकळी जागा उरत असेल तर मागे फोमची चकती घालून तो पुढे आणा. बोटभर सरकवल्यानं जो फरक पडतो तो महागडे स्पीकर बदलूनही पडत नाही.

माइकचंही तसंच. फुल-फेसमध्ये हनुवटीच्या आत चिकटवायचा वायरचा माइक, हाफ-फेस किंवा उघड्या हेल्मेटला दांडीचा. तो ओठांच्या अगदी जवळ हवा, आणि खुणेची बाजू तोंडाकडे. उलटा बसला तर तो बाहेरचंच जास्त ऐकतो. त्यावरची फोमची टोपी काढून टाकू नका, वारा तीच अडवते. काच नसलेल्या उघड्या हेल्मेटमध्ये मात्र कितीही भारी संच लावा, साठच्या पुढे समोरच्याला घोंघावणंच ऐकू जातं.

हमरस्त्यावर फोमचे साधे इअरप्लग घातले की स्पीकरवरचं बोलणं उलट जास्त स्पष्ट होतं, हे सांगितलं की लोक वेड्यात काढतात. प्लग वाऱ्याचा आणि बोलण्याचा आवाज दोन्ही कमी करतो. पण कानावरचा एकूण मारा उतरल्यानं शब्द वेगळे ओळखू येतात. गावात शिरल्यावर ते काढा. सोलापूरच्या सात रस्ता चौकात हॉर्न ऐकू आलेला बरा.

"हातात फोन नाही, म्हणजे बोलायला हरकत नाही"

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९च्या दुरुस्तीनं आलेला उल्लेख हातात धरून वापरायच्या संपर्क-उपकरणांचा आहे. ऑक्टोबर २०२० पासून अशी उपकरणं केवळ रस्ता शोधण्यासाठी, लक्ष विचलित न होऊ देता वापरायला मुभा मिळाली. यावरून हेल्मेटमधून फोनवर गप्पा मारायला मोकळीक मिळाली असं समजू नये. डोकं कायद्याची कलमं वाचून विचलित होत नाही.

मागच्याशी बोलणं आणि फोनवर बोलणं यांत फरक आहे, आणि तो तपासलेलाही आहे. अमेरिकेत युटा विद्यापीठात २००८ साली मोटारीच्या सिम्युलेटरवर झालेल्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्या चालकांपैकी निम्मे जण ठरलेल्या ठिकाणी वळायला चुकले; शेजारी बसलेल्याशी बोलणारे बहुतेक बरोबर वळले. शेजारच्याला रस्ता दिसतो. गर्दी आली की तो गप्प बसतो, फाटा आला की आठवण करून देतो. पुण्यातून फोन केलेल्या मेहुण्याला पुढचा ट्रक दिसत नसतो. म्हणून फोन आपोआप उचलायची सोय असेल तर ती बंद ठेवा. नकाशाचा आवाज तेवढा चालू असू द्या, तो मराठीतूनही मिळतो.

"डोक्याला चिकटलेलं रेडिएशन"

थोडक्यात: लहान पल्ल्याच्या ब्लूटूथची ताकद अडीच मिलिवॅट, सगळ्यात मोठ्या वर्गाची शंभर. कानाला लावलेला फोन टॉवर लांब असताना यापेक्षा जास्त ताकदीनं बोलतो. चिंता करायचीच असेल तर डेसिबलची करा.

"वॉटरप्रूफ आहे, काही होत नाही"

आयपी ६७ मधला सहा धुळीसाठी, सात पाण्यासाठी. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी आहे, ती सातमध्ये आपोआप येत नाही. वॉशिंग सेंटरवर गाडी देताना आरशावर हेल्मेट टांगून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि आपल्याकडे पावसापेक्षा ऊन वाईट. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि लिथियम बॅटरी चार्ज करायची नेहमीची मर्यादा पंचेचाळीस अंशांची. उन्हात लावलेल्या गाडीवर, काळ्या हेल्मेटला पॉवरबँक जोडून ठेवली की ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. बॅटरी फुगते, नाहीतर दोन उन्हाळ्यांत निम्मी होते. चार्जिंग रात्री घरात करा. (बेंगळुरूच्या ब्लूआर्मर कंपनीनं इंटरकॉमच्या आधी हेल्मेटला लावायचा कूलर काढला होता. त्यांचा उन्हाळा तो काय!)

"हेल्मेटला थोडं भोक पाडलं तर काय बिघडतं"

बिघडतं. संच क्लिपनं किंवा चिकटपट्टीनं बसवायचा असतो. बाहेरच्या कवचाला ड्रिल मारलं किंवा स्पीकरला जागा करायला आतला थर्माकोल कोरला, की जून २०२१ पासून सक्तीचं झालेलं ते आयएसआय चिन्ह नुसतं स्टिकर उरतं. स्पीकरसाठी आयते खळगे असलेली हेल्मेटं मिळतात, तीच बघावीत. ब्लूटूथ आतच बसवलेलं हेल्मेट स्वस्त वाटतं, पण जोरात आपटलेलं हेल्मेट टाकूनच द्यावं लागतं आणि त्याबरोबर इंटरकॉमही जातो. सुटा संच काढून नव्याला लावता येतो.

पण मोठा प्रश्न वेगळाच. मागच्या डोक्यावर हेल्मेट आहे का? कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, कलम १९४-ड मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना स्थगित करायची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागच्यांवरही कारवाईचे आदेश काढले. तरी तुळजापूरच्या रस्त्यावर पुढे चकचकीत फुल-फेस आणि मागे नुसता पदर, हे चित्र रोजचं. आहे तिथंही हेल्मेट धाकट्या भावाचं, ढिलं. अंबाडा आणि गजरा असला की ते वर उचललं जातं, स्पीकर कानाच्या बोटभर वर जातो आणि दोष इंटरकॉमला मिळतो. अंबाडा मानेवर खाली घातला किंवा वेणी घातली तर हेल्मेट नीट बसतं. बजेट पंधरा हजारांचं असेल तर आधी त्यातून दुसरं चांगलं, मापाचं हेल्मेट घ्या. उरलेल्यात दोघांपुरता साधा ब्लूटूथ जोडीपॅक आरामात बसतो.

संच घ्यायला जाताना दोघंही जा आणि दोन्ही हेल्मेटं बरोबर न्या. स्पीकर तिथंच बसवून घ्या, गाडीवर बसून हमरस्त्याला एक फेरी मारू द्याल का विचारा आणि बिलावर दोन्ही संचांचे क्रमांक लिहून घ्या. फेरी मारू देत नसेल, तर दुसरं दुकान बघा.